सहा पस्तीसची टिचकी

सोमवार, ३ तारीख

लेकीला आज फोनवर स्पष्ट सांगितलं, की मी जिवंत आहे की नाही याची रोज सकाळी चौकशी करायची नाही.

"अगं, दोनदा वाजवला. तू उचलला नाहीस म्हणून घाबरले."

"आंघोळीला गेले होते. आता त्यालाही तुझी परवानगी लागते का?"

"बाबा गेल्यापासून एकटी असतेस, आई. काही झालं तर कोणाला कधी कळेल?"

"काय झालं तर?"

तिच्याच्यानेही तो शब्द उच्चारवत नाही, मग मला रोज त्याची आठवण कशाला? फोन रविवारी करायचा, तोही संध्याकाळी, असा नियम घालून दिला. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत मी. विनाकारण वाजणाऱ्या घंटेची मला चीड आहे.

खरं कारण वहीत लिहायला हरकत नाही. अवेळी वाजणाऱ्या फोनची मला भीती वाटते. हे गेल्याची बातमी फोनवरच आली होती.

लेकीचं दुकान म्हणजे इथून सहा तासांवरच्या शहरात दोन खोल्या, तीन शिवणयंत्रं आणि इंटरनेटवरचं एक पान. ह्यांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा तिने त्यांच्यासाठी एक सदरा शिवला. हात वर न करता घालता येतो, खांद्यापासून कमरेपर्यंत बाजूने उघडतो, टिचबटणं लावलेली. तसे सदरे आणि गाऊन ती आता विकते. विकते म्हणजे विकायला ठेवते. गेल्या अख्ख्या महिन्यात अकरा गेले.

आणि परदेशातल्या कोण्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे. तीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. "इंटरनेटवर जाहिरात देऊन बघते," म्हणाली. "महिनाअखेरीला रोज तीन मागण्या यायला लागल्या तर राहीन. नाहीतर यंत्रं विकून जाईन."

"जा की," मी म्हटलं. "मला काय त्याचं."

तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.

बुधवार, ५ तारीख

जाहिरात कालपासून लागली. लेकीने त्यासाठी एक गृहस्थ नेमले आहेत. मी त्यांना जाहिरातवाला म्हणते. आवाजावरून चाळिशीचे, आणि सर्दीचे. त्यांनी मला समजावून सांगायला घेतलं. लोक काही शोधताना जे शब्द लिहितात, त्यांतले ठरावीक शब्द आले की आपल्या दुकानाची जाहिरात वर दिसते.

"आता काकू, पैसे कशाचे पडतात ते—"

"जागेचे. ठाऊक आहे मला. तुमचा जन्म नव्हता तेव्हापासून लोक वर्तमानपत्रात जाहिराती देत आले आहेत. पुढे बोला."

त्यांनी नाक ओढलं आणि पैशांचं सोडून बाकीचं सांगितलं.

एक्स्चेंजमध्ये सकाळच्या पाळीचं पहिलं काम म्हणजे लाइन तपासणं. प्रत्येक लाइनवर एक घंटा द्यायची, पलीकडून उत्तर आलं की वहीत बरोबरची खूण. जी तपासली नाही ती मेलेली समजायची, हा माझ्या पाळीचा नियम होता. तोच आता इथे लावला. साडेसहाला चहा, सहा पस्तीसला लॅपटॉप. 'बाजूने उघडणारा सदरा' असं लिहिलं. पहिल्याच ओळीत आपली जाहिरात. तिच्यावर टिचकी मारली, दुकान उघडलं. सगळे कपडे नीट पाहून घेतले. वहीत खूण केली.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून जरा उभी राहिले. रिकाम्या पोटी चहा घेतला की होतं असं.

शुक्रवार, ७ तारीख

एकटीने एकच शब्द तपासून भागण्यासारखं नाही. लेकीने चोवीस शब्द दिले आहेत. माझ्या पाळीतल्या चौघीजणी अजून याच शहरात आहेत, आणि देवाच्या कृपेने अजून माझं ऐकतात. प्रत्येकीला सहा शब्द वाटून दिले. सकाळी सातच्या आत प्रत्येक शब्द दोनदा तपासायचा, एकदा घंटेसाठी आणि एकदा आवाजासाठी, जसं आपण करत होतो तसं. मी फक्त मुख्य लाइन पाहणार.

त्यांतली धाकटी, म्हणजे अडुसष्टची, विचारते, "ताई, आत गेल्यावर काही घ्यायचं का?"

"तपासायचं आणि बाहेर यायचं. एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी आपण विकत घेत होतो का?"

किती दिवसांनी कोणाला पाळी लावून दिली. बरं वाटलं.

सोमवार, १० तारीख

काल रविवारचा फोन आला. लेकीचा आवाज कोरडा होता.

"आई, जाहिरात सकाळी आठलाच संपते."

"संपते म्हणजे? महिनाभर आहे ना?"

"प्रत्येक टिचकीला पैसे पडतात गं. रोजची रक्कम ठरलेली असते. ती संपली की दुसऱ्या दिवसापर्यंत जाहिरात दिसत नाही. दोन दिवस झाले, सातच्या आत जवळजवळ पन्नास टिचक्या येतात. आत येतात आणि काही न घेता जातात. खरं गिऱ्हाईक उठेपर्यंत आमचं शटर खाली."

जाहिरातवालाही फोनवर होता. नाक ओढत म्हणाला, "कोणीतरी मुद्दाम करतंय, काकू. धंद्यात चालतं हे. दुसऱ्याचे पैसे संपवायला लोक माणसं बसवतात."

"कुठून करतात?"

"तुमच्याच शहरातून."

फोन ठेवला आणि आधी दाराचं कुलूप पाहिलं. लागलेलं होतं, तरी पुन्हा काढून लावलं. म्हणजे तो माणूस इथेच आहे. याच शहरात सकाळी माझ्याचसारखा उठतो, आणि माझ्या लेकीचं दुकान बुडवायला बसतो. त्या पन्नासांतली प्रत्येक टिचकी तिला विमानाकडे ढकलते आहे. दुपारी जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी हातातली वाटी खाली ठेवून श्वास रोखून उभी राहिले. वरच्या मजल्यावरची बाई होती, दळण घेऊन.

माझी टिचकी यात धरायची नाही. तपासणीच्या कॉलचं बिल कधीच लागत नसे. घरच्या माणसाला दारात तिकीट कोण विचारतं? चौघींना मात्र फोन करून बजावलं, की शत्रू उठला आहे, आता एक दिवसही तपासणी चुकता कामा नये.

बुधवार, १२ तारीख

खालच्या मजल्यावर घड्याळवाले राहतात. घरातच घड्याळं दुरुस्त करतात. माझ्या घराची जादा किल्ली लेकीने त्यांच्याकडे ठेवलेली आहे. आज मनात आलं, की ती परत मागावी. कोणाचा काय भरवसा? सकाळी सातच्या आत जागा असलेला या इमारतीतला तो एकच पुरुष आहे.

खाली गेले. डोळ्याला भिंग लावून बसले होते. ते काढून माझ्याकडे पाहत म्हणाले, "ताई, कपाळाला काय झालं? पडलात का कुठे?"

"कपाटाचं दार लागलं."

"कपाटाचं दार इतकं वर लागतं?"

"माझी उंची मोजायला आले नाहीये मी."

किल्लीचं विचारायचं राहूनच गेलं. कपाट केव्हा लागलं ते मला आठवत नाही, हे त्यांना कशाला सांगू?

शनिवार, १५ तारीख

जाहिरातवाल्याने एक यादी पाठवली. लोकांनी काय लिहून शोधलं आणि आपली जाहिरात दिसली, त्याची. वाचून कपाळावर हात मारला. 'पार्टीसाठी बाजूने उघडा शर्ट'. 'उघड्या खांद्याचा गाऊन'. 'सदरा शिवायला शिका फुकट'. लग्नकार्याला खांदे उघडे टाकून मिरवणाऱ्या मुलींना आम्ही पांगळ्यांचे कपडे दाखवतो आहोत.

मीच फोन केला त्यांना. "हे शब्द नकोत असं सांगता येतं का?"

"येतं, काकू. नकोत त्या शब्दांची वेगळी यादी असते."

"मग ती कोण करणार, मी? आणि हवेत त्या शब्दांचं काय केलंत? 'अनुकूल वस्त्रे' काय, 'रुग्णसुलभ पोशाख' काय. कोणाच्या तोंडून ऐकलेत हे शब्द कधी?"

"कोणाच्याच नाही."

"चौकशीच्या नंबरवर मी अकरा वर्षं बसले आहे. लोकांना नाव कधीच ठाऊक नसतं, अडचण ठाऊक असते. 'औषधाच्या दुकानावर जे रागीट दातांचे डॉक्टर बसतात त्यांचा नंबर द्या', असं विचारायचे. मी द्यायचे. घ्या लिहून. वडिलांचा हात उचलत नाही कपडे कसे घालू. आईचा हात प्लास्टरमध्ये आहे गाऊन. सलाइन लावलेलं असताना सदरा कसा बदलायचा."

बारा वाक्यं सांगितली. ह्यांच्या आजारपणात रोज सकाळी सदऱ्याची बाही हातात धरून मी जे स्वतःशी म्हणत होते, तेच सगळं.

"काकू, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी का नाही विचारलंत?"

सोमवार, १७ तारीख

शत्रू कोण ते कळलं, असं सकाळी वाटलं होतं. गोडबोली. लेकीची जुनी भागीदार, दोन वर्षांपूर्वी वेगळी होऊन याच शहरात तिने तसलंच दुकान काढलं. नऊ वाजता फोन लावला आणि काही आडपडदा न ठेवता विचारलं, की पन्नास टिचक्या मारायला माणूस ठेवला आहेस की स्वतःच मारतेस?

"मावशी? कसल्या टिचक्या?"

"साळसूदपणा पुरे."

"मावशी, माझं दुकान मी गेल्या वर्षीच बंद केलं. आई अंथरुणाला खिळली आहे माझी. तिचे गाऊन तुमच्या लेकीकडूनच येतात. पैसे घेत नाही ती."

इतकं गोड कोणी खरं बोलत नाही. फोन आपटला. ती नसेल, तर कोण?

दुपारी लेकीने नियम मोडून फोन केला. गोडबोलीने तिला लगेच कळवलेलं. रागावेल म्हणून मी सरसावून बसले होते, पण ती रागावली नाही.

"आई, जाहिरात तू रोज बघतेस का गं?"

"बघणारच. तपासल्याशिवाय कशी राहीन?"

"टिचकी मारून बघतेस?"

"मग काय दारातूनच परत जाऊ?"

"किती वाजता?"

"सहा पस्तीस. माझ्या चौघी सातपर्यंत आटोपतात." चौघींची पाळी, चोवीस शब्द, दोन-दोन फेऱ्या, सगळी व्यवस्था तिला सांगितली. मनात होतं, जरा कौतुक करेल.

पलीकडून कसलासा आवाज आला, हसल्याचा की रडल्याचा ते कळेना. लाइन खराब असावी. मग म्हणाली, "बरं. तू बघत जा. सहा पस्तीसलाच बघत जा. एकही दिवस चुकवू नकोस."

"छत्तीस वर्षांत कधी चुकवली आहे?"

चला, निदान माझ्या कामाची तिला किंमत कळली.

गुरुवार, २० तारीख

नवीनच संकट. चौघींचे सकाळी एकामागून एक फोन. जाहिरात त्यांना दिसतच नाही. कालही नाही, आजही नाही. चोवीसच्या चोवीस लाइन मेलेल्या. धाकटी तर रडकुंडीला आली होती: "ताई, माझ्याकडून काही बिघडलं का?"

माझ्याकडे मात्र जाहिरात दिसते.

लेकीला विचारलं तर म्हणते, तिकडे सगळं ठीक आहे, पन्नास टिचक्या बंद झाल्या, काल दोन मागण्या आल्या. ती खूश, आणि माझ्या अंगावर काटा. शत्रू आपणहून का थांबेल? चोर दार वाजवायचं थांबवतो ते आत शिरल्यावर. चार ठाणी पडली, आता एक मीच उरले. उद्या माझ्याकडेही दिसली नाही तर?

आज दारामागे खुर्ची लावून ठेवली. मग वाटलं, मलाच काही झालं तर घड्याळवाल्यांना आत येता येणार नाही. काढली. मग पुन्हा लावावी वाटली. शेवटी खुर्चीवर मीच बसले.

शनिवार, २२ तारीख

अंधारी. दोनदा. एकदा स्वयंपाकघरात, एकदा हे लिहायला बसताना. काळजीने होत असेल. लेकीला सांगायचं नाही. सांगितलं तर ती माझ्यासाठी राहील, आणि जन्मभर तोंडाने म्हणणार नाही पण डोळ्यांनी म्हणेल. नाही सांगितलं तर जाईल. दोन्हींची भीती सारखीच वाटते.

मंगळवार, २५ तारीख. रुग्णालय

डाव्या हाताने लिहिते आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी हे अक्षर पाहिलं असतं तर मारायला पट्टी काढली असती.

काल सकाळी सव्वासहाला न्हाणीघरात पडले. कपाट नाही, दार नाही, काहीच लागलं नाही. उभी होते, आणि मग फरशी गालाला लागलेली. उजवा हात अंगाखाली, भलत्याच कोनात. फोन स्वयंपाकघरात. ओरडायला गेले तर आवाज मांजराच्या पिलाएवढा निघाला.

पडल्यापडल्या बाहेरच्या घड्याळाचा एक ठोका ऐकू आला. साडेसहा. चहाची वेळ गेली. आज सोमवार. लेकीचा फोन रविवारी संध्याकाळी. म्हणजे सहा दिवस. हा नियम कोणी घालून दिला? मी. फरशीवर पडून मी सहा दिवस मोजले, आणि मग भीती कशाला म्हणतात ते कळलं. शत्रूची, जिन्यातल्या पावलांची, सगळी लुटुपुटूची होती.

सातच्या सुमाराला दारात किल्ली फिरली. घड्याळवाले. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"ताई, तुमच्या लेकीचा फोन आला. वर जाऊन बघा म्हणाली, आत्ताच्या आत्ता."

"तिला कोणी सांगितलं?"

"ते तिलाच विचारा. हलू नका."

डॉक्टर म्हणतात, नाडी मध्येच थांबते. आठवड्याभरात छातीत एक यंत्र बसवणार. आणखी तासभर तशीच पडून राहिले असते तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. लेक काल दुपारी पोहोचली. रात्रभर बाकावर बसून होती. अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

बुधवार, २६ तारीख

सकाळी परिचारिका माझे कपडे बदलायला आली आणि प्लास्टर पाहून अडली. लेकीने पिशवीतून सदरा काढला. खांद्यापासून कमरेपर्यंत उघडणारा. हात तसूभर न हलवता घातला. तिसरं टिचबटण बरोबर बरगडीवर टोचतं, ते तिला सांगितलं. तिने लिहून घेतलं.

मग विचारलं. "सोमवारी तुला कसं कळलं?"

"सहा पस्तीसची टिचकी आली नाही."

"कोणाची?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्याकडे. परिचारिका कपडे घेऊन निघून गेली. चौघी, सहा शब्द, दोनदा. अठ्ठेचाळीस. वर माझी एक. शाळेत मला गणितात बक्षीस मिळालं होतं.

"तपासणीला पैसे पडत नाहीत," मी म्हटलं. आवाज पुन्हा मांजराच्या पिलाचा.

"पडतात, आई."

"मग मला अडवलं का नाहीस?"

"त्या चौघींना अडवलं. जाहिरातवाले तुलाही काढत होते, मी नको म्हटलं. तू फोन करू देईनास. म्हटलं, रोज सकाळी आई येऊन सगळे कपडे बघून जाते. उठली, चहा झाला, डोळे चालतायत. सहा चाळीसपर्यंत मी काम सुरूच करत नाही. सोमवारी पावणेसात झाले, साडेसात होईपर्यंत मला थांबवेना."

"पावणेसात झाल्या झाल्या माणसाला अनवाणी धाडलंस?"

"हो."

भिंतीकडे तोंड करून पडले. गोडबोलीला काय काय बोलले ते एकेक शब्दाने आठवत होतं. घड्याळवाल्यांवर संशय घेतला तेही.

रविवार, ३० तारीख

लेकीने कंपनीला नकार कळवला. मी फणकारले, "माझ्यासाठी राहत असशील तर आत्ताच निघ."

"तुझ्यासाठी कोण राहतंय? काल चार मागण्या आल्या, परवा तीन. सगळ्या तुझ्या वाक्यांवरून. 'वडिलांचा हात उचलत नाही' यावर तर पाच आल्या आठवड्यात. जाहिरातवाले विचारत होते, काकूंना अजून वाक्यं सुचतील का म्हणून."

"सर्दी गेली का त्यांची?"

गोडबोलीला फोन केला. क्षमा मागायची सवय नाही, त्यामुळे लांबली. ती म्हणाली, "मावशी, माझ्या आईसाठी एक वाक्य सुचवा ना. पाठ टेकून बसवत नाही तिला." सुचवलं. रडले, पण ते फोन ठेवल्यावर.

बुधवार, ९ तारीख

घरी आले त्याला चार दिवस झाले. छातीत यंत्र आहे. त्यावर हात ठेवायची हिंमत होत नाही. भीती गेलेली नाही. न्हाणीघराच्या दाराची कडी आता लावत नाही, आणि फोन साबणाशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो.

लेक काल संध्याकाळी परत गेली. जाताना जाहिरातवाल्याला सांगून माझंही नाव गाळून टाकलं. आता मला जाहिरात दिसत नाही. त्याऐवजी नियम ठरला. सहा पस्तीसला मी तिला एक घंटा द्यायची. तिने उचलायचा नाही, नुसता वाजलेला ऐकायचा. लाइन जिवंत, कामाला लागा.

आज पहिला दिवस. साडेसहाला चहा घेतला. सहा पस्तीसला डाव्या हाताने नंबर फिरवला.

एक घंटा झाली आणि तिने उचलला. नियम मोडला. बोलली काहीच नाही. पलीकडे शिवणयंत्र चालू नव्हतं, तिचा श्वास ऐकू येत होता. मीही बोलले नाही, आणि ठेवलाही नाही.

वहीत बरोबरची खूण केली.